निळा ठोकळा, जांभळा ठोकळा

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने आम्ही इतिहासावर लिहावे, असे सुचविले होते. अपेक्षा स्वाभाविक होती. आमचे एम.ए. इतिहासाचे, आणि आयुष्यही याच विषयाच्या तासांत गेले. परंतु विद्यालयाची उभारणी, वसतिगृहाचे पहिले दिवस, टिनाच्या छपराखाली भरलेले वर्ग यांविषयी ज्येष्ठ सहकारी लिहीत आहेतच, आणि ते आमच्याहून अधिक अधिकाराने लिहितील. आम्ही संगणक कक्षातील एका चुकीविषयी लिहिणार आहोत. चूक आमची आहे, म्हणून ती सांगण्याचा अधिकारही आमचाच आहे.

इतिहासाच्या शिक्षकाचा संगणक कक्षाशी संबंध काय, असे कोणी विचारील. निवासी शाळेत ज्याच्या हाती किल्ली, त्याच्या गळ्यात खाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक टप्प्याआधीच, म्हणजे सहावीपासून मुलांना संगणकाच्या आज्ञावलीची ओळख करून द्यावी असे म्हटले आहे. धोरण आले, पण आमच्याकडे ते शिकविणारा माणूस नव्हता. कक्षात अकरा यंत्रे होती, त्यांतली नऊ चालत होती. मुख्याध्यापकांनी किल्ली आमच्या हाती ठेवली आणि वयाच्या पन्नाशीत आम्ही पुन्हा विद्यार्थी झालो.

पालकांपैकी अनेकांनी हे काम पाहिलेले नसेल, म्हणून दोन शब्द सांगतो. पूर्वी संगणकाला आज्ञा द्यावयाची तर ती इंग्रजीत, एकही चिन्ह न चुकता टंकित करावी लागे. एक स्वल्पविराम सुटला तरी सारे अडे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये मिचेल रेझ्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘स्क्रॅच’ नावाची भाषा तयार केली. ती २००७ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. या भाषेत आज्ञा टंकित करावयाच्या नसतात. प्रत्येक आज्ञेचा एक रंगीत ठोकळा असतो. तो ओढून आणावयाचा आणि दुसऱ्या ठोकळ्याखाली अडकवावयाचा. विटेवर वीट बसावी तसा खाचेत दात बसला की आज्ञा जुळली. मग पडद्यावरचे मांजर चालते, बोलते, उडी मारते.

या ठोकळ्यांना आकार आहेत. प्रारंभ करणाऱ्या ठोकळ्याचा माथा टोपीसारखा फुगीर असतो. त्याच्या वर काही बसत नाही. ‘पुन्हा पुन्हा कर’ असे सांगणारा ठोकळा इतर ठोकळ्यांना कवेत घेतो. संख्या देणारा ठोकळा दोन्ही टोकांना गोल असतो, तर ‘खरे की खोटे’ सांगणारा षटकोनी असतो. षटकोनी खळग्यात षटकोनीच बसतो, त्यामुळे चूक करू म्हटले तरी ती हाताला लागून थांबते. आणि या ठोकळ्यांना रंग आहेत. गतीचे ठोकळे निळे, रूपाचे जांभळे, ध्वनीचे गुलाबी, घटनांचे पिवळे, नियंत्रणाचे नारिंगी, गणिती क्रियांचे हिरवे. आमच्या वर्गात पडद्यावरील शब्द इंग्रजी असत आणि सहावी-सातवीच्या मुलांना ते वाचण्यास वेळ लागे. म्हणून आम्ही सोपी युक्ती काढली. ठोकळ्यांना रंगांच्याच नावाने हाक मारावयाची. “पिवळा घ्या. त्याखाली निळा. आता जांभळा.” वर्ग भराभर पुढे जाई. आपण फार सोपे करून शिकवितो, असे आम्हांस वाटू लागले होते.

२०२२ च्या पावसाळ्यातील गोष्ट. पैनगंगेच्या काठच्या खेड्यातून आलेला सातवीचा एक मुलगा जांभळा सांगितला की निळा उचली. हिरवा सांगितला की कधी हिरवा, कधी नारिंगी. तोंडी हिशेबात तो वर्गात पुढे होता, त्यामुळे आमचा राग अधिकच वाढे. एके दिवशी तिसऱ्यांदा तसेच झाले तेव्हा आम्ही सर्वांदेखत म्हणालो, “लक्ष कुठे आहे तुझे? बालवाडीतल्या पोराला रंग कळतो!”

तो खाली मान घालून म्हणाला, “सर, मले तर तो बी निळाच दिसते जी.”

वर्ग हसला. आम्ही वर्गाला थांबविले नाही. किंबहुना त्या हसण्यात आमचाही वाटा होता.

त्यानंतर तो कक्षात येई, पण यंत्रासमोर बसत नसे. जोडीदाराला बसवी आणि स्वतः मागे उभा राही. तास संपला की खुर्च्या लावी, पडदे पुशी, पायपुसणे झटकी. मुलाला श्रमाची गोडी आहे, असा सोयीचा अर्थ आम्ही लावला. एखादे मूल अभ्यासापासून दूर सरकताना किती शिस्तीने सरकते, हे इतक्या वर्षांच्या नोकरीनंतरही आम्हांस ओळखता आले नाही.

उलगडा झाला तो अशोक विजयादशमीच्या आदल्या दिवशी. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या तयारीत मुले सभागृहाच्या भिंतीवर पंचरंगी धम्मध्वज रंगवीत होती. १८८५ मध्ये श्रीलंकेत प्रथम उभारला गेलेला हा ध्वज आपल्या मुलांना पाठ असतो: निळा, पिवळा, लाल, पांढरा, नारिंगी आणि शेवटच्या पट्ट्यात हेच पाचही रंग एकाखाली एक. तो मुलगा कुंचला घेऊन रंगवीत होता आणि एकही पट्टा चुकत नव्हता. आम्ही जवळ जाऊन पाहिले. रंगाच्या प्रत्येक डबीच्या झाकणावर वहीच्या कागदाची चिठ्ठी चिकटविलेली होती. ‘नि’, ‘पि’, ‘ला’, ‘पां’, ‘ना’. भिंतीवरही पट्ट्यांच्या वर पेन्सिलीने तीच अक्षरे होती. कोणी लिहिली, असे विचारले तेव्हा म्हणाला, “मीच लिवली जी. दोस्ताले इचारून. मंग चुकत नाही.”

ज्या उपायासाठी आम्हांस पुढे वर्षभर शोध घ्यावा लागला, तो या बारा वर्षांच्या मुलाने एका दुपारी चार-दोन चिठ्ठ्यांत करून ठेवला होता.

पालक सभेला त्याची आई आली. आम्ही संकोचाने विषय काढला. तिला नवल वाटले नाही. “माह्या बापाचं बी असंच होतं जी. पिकलेली मिरची अन् हिरवी मिरची त्याईले येगळी दिसेच नाही. तोडाले गेले का आमी पोरी संगं जाओ,” ती म्हणाली. तालुक्याच्या दवाखान्यात ठिपक्यांच्या चित्रांची चाचणी झाली. जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेली हीच चाचणी आजही जगभर वापरतात. लाल-हिरव्या छटांच्या रंगांधतेचे निदान झाले. आईने सांगितलेली गोष्ट शास्त्राला धरूनच होती. हा गुणधर्म एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून आईच्या वडिलांकडून आईमार्फत नातवाकडे उतरतो. आईला स्वतःला बहुधा काही जाणवत नाही. पुरुषांमध्ये याचे प्रमाण स्त्रियांहून कितीतरी अधिक असते. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारांमागे एक, आशियातील अनेक लोकसमूहांत त्याहून कमी. चाळीस मुलांच्या वर्गात असा एखादा असणे ही काही नवलाची बाब नाही. नवल इतकेच, की इतक्या वर्षांत आम्हांस तो कधी दिसला नव्हता.

विज्ञानाच्या पुस्तकात ज्यांचा अणुसिद्धान्त आपण शिकतो त्या जॉन डाल्टन यांना हाच त्रास होता. १७९४ मध्ये त्यांनी मँचेस्टरच्या विद्वत्सभेपुढे स्वतःच्या दृष्टीविषयी निबंध वाचला. आपल्या डोळ्यांतील द्रव निळसर असावा आणि तो काही रंग शोषून घेत असावा, असा त्यांचा तर्क होता. मृत्यूनंतर डोळे तपासावे, असे त्यांनी सांगून ठेवले. १८४४ मध्ये ते वारले तेव्हा तपासणी झाली. द्रव स्वच्छ होता. जपून ठेवलेल्या अवशेषांतील डीएनएचा अभ्यास होऊन खरे कारण १९९५ मध्ये पुढे आले. स्वतःच्या डोळ्यांविषयी डाल्टनसारख्या माणसाचा तर्क चुकला, तर दुसऱ्याच्या डोळ्यांविषयी आम्ही जो निकाल भर वर्गात दिला त्याची किंमत काय असावी?

मुलाची वृत्ती ठीक होती, हे कळले. पण आता करावयाचे काय? डोळा बदलता येत नव्हता. प्रथम आम्ही आमची भाषा बदलली, कारण तिला खर्च नव्हता. रंगाने हाक मारणे बंद केले. “गतीमधला पहिला”, “टोपीचा ठोकळा”, “कवेत घेणारा” असे म्हणू लागलो. मग पुठ्ठ्याचे मोठे ठोकळे कापले आणि प्रत्येकाच्या डाव्या टोकास अक्षर लिहिले: गतीसाठी ‘ग’, रूपासाठी ‘रू’, ध्वनीसाठी ‘ध’, घटनेसाठी ‘घ’, नियंत्रणासाठी ‘नि’. पहिला संच फसला. ठोकळ्याची उंची आम्ही इंग्रजी अक्षरांच्या बेताने ठेवली होती. आपल्या लिपीला शिरोरेषेच्या वर वेलांटी-मात्रेसाठी आणि खाली उकारासाठी जागा लागते. ‘रू’ चा उकार कडेला कापला गेला आणि ‘नि’ ची वेलांटी दाताला टेकली. दुसऱ्या संचात उंची दीडपट केली, जाड काळ्या पेनाने लिहिले आणि मागच्या बाकावर स्वतः बसून वाचून पाहिले. हे शेवटचे काम खरे तर पहिले असावयास हवे होते.

२०२३ च्या दिवाळीत पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात काम करणारा आपला एक माजी विद्यार्थी भेटावयास आला. पुठ्ठ्याचे ठोकळे पाहून तो हसला नाही. त्याने सांगितले, “सर, यात दोन वेगळे प्रश्न आहेत. ठोकळा ठोकळ्यापासून वेगळा दिसणे हा एक. ठोकळ्यावरचे अक्षर ठोकळ्यापासून उठून दिसणे हा दुसरा. तुम्ही पहिलाच पाहिलात.”

मग त्याने फळ्यावर हिशेब मांडला. अक्षर आणि त्यामागची जमीन यांच्या उजळपणातील फरक मोजण्याचे एक प्रमाण आहे. दोन्ही सारखी असतील तर ते १ येते. पांढऱ्यावर शुद्ध काळे असेल तर २१. संकेतस्थळांसाठी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने जे दंडक घालून दिले आहेत, त्यांत साध्या आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ अपेक्षित आहे. त्याच दंडकांत असेही म्हटले आहे, की कोणतीही माहिती केवळ रंगाच्या आधारे देऊ नये. स्क्रॅचच्या पिवळ्या ठोकळ्यावर पांढरी अक्षरे असतात. त्यांचे प्रमाण त्याने काढले तर पावणेदोनही भरेना. नारिंगीचे दोनच्या आत. त्याच पिवळ्यावर काळी अक्षरे असती तर ते बाराच्या वर गेले असते.

हे ऐकताना आमचे लक्ष कक्षाच्या पश्चिमेकडील खिडक्यांकडे गेले. दुपारी तीननंतर त्या रांगेतील मुले पडद्याला नाक लावून बसत. आम्ही त्यांना पाठीचा कणा ताठ ठेवण्यास सांगत असू. आम्ही स्वतः चष्मा कपाळावर, पुन्हा नाकावर, असे करीत असू आणि वयाला दोष देत असू. त्रास एका मुलाला होता, असे आम्ही धरून चाललो होतो. वस्तुतः तो अर्ध्या वर्गाला होता. बाकीच्यांना रंगाच्या अंदाजाने निभावून नेता येत होते, इतकाच फरक.

त्याच वर्षी स्क्रॅचमध्ये अधिक उठावाच्या रंगांची सोय आली होती. सेटिंग्ज उघडून रंगांचा प्रकार बदलला की ठोकळे फिके होतात आणि त्यांवरील अक्षरे काळी होतात. आमच्या विद्यार्थ्याने नऊही यंत्रांवर ती बसवून दिली. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील अधिकच्या खुणेने ठोकळे मोठे करता येतात, हेही त्यानेच दाखविले. ती खूण दोन वर्षे आमच्या डोळ्यांसमोर होती. खिडक्यांना आईवडिलांनी दिलेल्या जुन्या लुगड्यांचे दुहेरी पडदे शिवले. पश्चिमेची रांग सरळ बसू लागली.

मात्र आमच्या त्या मुलाचा प्रश्न या सोयीने पूर्ण सुटला नाही, हे नमूद करणे आवश्यक आहे. अक्षरे त्याला स्वच्छ दिसू लागली. पण फिका निळा आणि फिका जांभळा त्याच्यासाठी पुन्हा एकमेकांच्या जवळच राहिले. त्याचा आधार अजून आकार, जागा आणि शब्द हाच आहे. जाणकारांनी हा भेद ओळखलेला आहे. गूगलच्या ‘ब्लॉकली’ या ठोकळ्यांच्या साधनासाठी, ज्याच्या पायावर आजचे स्क्रॅच उभे आहे, रंगांधतेच्या दोन प्रकारांसाठी वेगळ्या रंगमाला आणि अधिक उठावाची आणखी एक रंगमाला, अशी निरनिराळी सोय आहे. अभियंत्यांच्या ‘लॅबव्ह्यू’ या १९८६ पासूनच्या चित्रमय भाषेत माहिती वाहणाऱ्या तारांना रंगासोबत जाडी आणि नक्षीही दिलेली असते. रंग कळला नाही तरी तार कळते.

आणखी एक युक्ती आम्हांस फार आवडली. नियंत्रणाचे ठोकळे एकात एक बसतात. ‘दहा वेळा कर’ च्या पोटात ‘जर’, त्याच्या पोटात आणखी एक ‘जर’. सारे नारिंगी. कोणाची कड कुठे संपते ते कळेनासे होते. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात विकसित झालेल्या ‘स्नॅप’ या भाषेत असे एकाच रंगाचे ठोकळे एकमेकांत आले की एक गडद, एक फिका असे आलटून पालटून दिसतात. झेब्र्याच्या पट्ट्यांवरून त्याला नाव दिले आहे. आमच्या मुलांना झेब्रा सांगावा लागला नाही. कपाशीच्या तासांमध्ये तुरीचे तास का पेरतात, हे त्यांना घरून ठाऊक असते. त्याची कारणे शेतीची आहेत. पण बांधावर उभे राहून वावर मोजावयाचे झाले तर नजर तुरीवरूनच चालते. पुठ्ठ्याचे नारिंगी ठोकळे मुलांनी स्वतःच दोन छटांत रंगविले.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. जुने दफ्तर वाचण्यासाठी आम्ही मोडी शिकलो. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढतात, मग हात न उचलता अक्षरे सोडतात. शब्द तुटत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा नसतो. लिहिणाऱ्याला ती जलद आहे. वाचणाऱ्याला सरावाशिवाय लागत नाही. याउलट प्रत्येक अक्षर सुटे, ठसठशीत लिहावयाच्या देवनागरीला आपल्या लोकांनी नाव दिले ‘बाळबोध’. बाळालाही बोध व्हावा अशी. लिहिणाऱ्याची सोय पाहावयाची की वाचणाऱ्याची, हा प्रश्न संगणकासोबत आलेला नाही. तो दफ्तराइतका जुना आहे, आणि दफ्तर कोणाला वाचता येत होते व कोणाला नाही, यावर गावोगावच्या जमिनींचे निकाल ठरत आले आहेत.

आमच्या स्वतःच्या बालपणीही एक फळा होता. गावच्या शाळेत आमची जागा मागच्या भिंतीशी ठरलेली असे. का ठरलेली, ते या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको. तेथून फळ्यावरची अक्षरे आम्हांस पुसट दिसत. गुरुजींनी आम्हांला ‘ढ’ ठरविले. सातवीत एका आरोग्य तपासणीत नंबर निघाला, चष्मा लागला आणि ‘ढ’ पणा एका दिवसात गेला. दोष डोळ्यांत होता हे खरे, पण जागेतही होता, फळ्यातही होता. आणि ते तपासण्याची गरज कोणास वाटली नव्हती. ही आठवण आम्ही अनेक भाषणांत सांगितली आहे. ती सांगणारा माणूसच संगणक कक्षात गुरुजींच्या जागी जाऊन उभा राहिला, आणि त्याला ते कळले नाही.

तो मुलगा आता दहावीत आहे. रेल्वेचे इंजिन चालविण्यासारख्या काही नोकऱ्यांत रंगदृष्टीची अट असते. सिग्नल ओळखणे तेथे प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न आहे, तेव्हा त्या अटीविषयी तक्रार नाही. त्याला ती आजच ठाऊक आहे हे बरे. गेल्या वर्षी त्याने कापसाच्या वजनावरून हिशेब करणारी छोटी आज्ञावली स्क्रॅचमध्ये केली. इतरांच्या आज्ञावलीतील चुकाही तोच आधी पकडतो. कारण विचारले तर म्हणतो, “बाकीचे रंग पाहते, मी वाचतो जी.”

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. मेळाव्यास याल तेव्हा संगणक कक्षात, सूचना फलकापुढे, भोजनगृहाच्या वेळापत्रकापुढे क्षणभर थांबा. जे वाचता येत नाही, ते कार्यालयात सांगून जा. फिक्या पिवळ्या कागदावर नारिंगी शाईची एक सूचना अजूनही लटकलेली आहे. ती आमच्याच हातची आहे.

त्या मुलाने नाव छापू नका असे सांगितले, म्हणून छापलेले नाही. वर्ग हसला त्या दिवसाविषयी आम्ही त्याच्याशी एकट्याने बोललो. पण हसे चारचौघांत झाले होते, आणि क्षमा मात्र बंद दाराआड मागितली गेली. ती येथे, सर्वांसमक्ष, पुन्हा मागत आहोत.